विझणारा गीझर आणि सकाळची डोकेदुखी

थंडीच्या दिवसांत पहाटे कोनहून दुर्गाडीकडे पाहिले, तर खाडीवर धुके उतरलेले असते. या दिवसांत दवाखान्यात सर्दी-पडशाचे रुग्ण वाढतात आणि डोकेदुखीचेही. मागच्या पौषात अशाच एक गृहिणी आल्या. सकाळी डोके जड होई, मळमळे आणि दुपारपर्यंत आपोआप बरे वाटे. रक्तदाब उत्तम, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९८. पित्त समजून मी गोळ्या दिल्या. ही चूक माझी होती.

आठवड्याने त्या मुलाला घेऊन आल्या. आंघोळ करून बाहेर पडताना तो भोवळ येऊन कोसळला होता. एकाच घरात, एकाच वेळेला दोघांना पित्त कसे होईल? मी घराविषयी विचारू लागलो तेव्हा त्या सहज बोलून गेल्या, "काय सांगू डॉक्टर, यंदा गीझरसुद्धा आजारी आहे. मध्येच विझतो."

कारागिराने आधी सेल बदलले, मग रेग्युलेटर, शेवटी पाण्याच्या दाबाला दोष दिला. संध्याकाळी मी स्वतः जाऊन पाहिले. गॅस गीझर न्हाणीघरातच होता, धूर बाहेर नेणारी नळी नव्हती आणि कबुतरांचा उपद्रव नको म्हणून झडपांच्या खिडकीवर दिवाळीत प्लास्टिकचा पत्रा ठोकलेला. यंत्र धडधाकट होते, कोंडलेल्या खोलीत हवाच अपुरी पडत होती.

स्वयंपाकाचा एक भाग गॅस पूर्ण जळायला सुमारे २४ ते ३१ भाग हवा लागते. ती कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ज्योत विझली की गीझरची सुरक्षा-यंत्रणा गॅस बंद करते. पण तिच्यावर विसंबू नका, कारण तोवर हा वायू श्वासात गेलेला असतो. त्याला रंग नाही, वासही नाही. सिलिंडरच्या गॅसला येणारा वास मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो आणि ते ज्योतीत जळून जाते. रक्तातील हिमोग्लोबिनला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. साध्या ऑक्सिमीटरला त्या दोहोंतला फरक कळत नाही. मला दिसलेले ९८ म्हणूनच फसवे होते. न्हाणीघरात आलेले असे झटके अपस्मार समजून वर्षानुवर्षे औषधे चालू राहिल्याची उदाहरणे आपल्या देशातील मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक बंद खोलीतील गॅस हीटरमुळे दगावले, तेही थंडीमुळे दारे-खिडक्या लावून झोपलेले असताना.

न्हाणीघरात कोणी बेशुद्ध आढळले तर आधी दार सताड उघडा, गॅस बंद करा आणि त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत आणा. आपण स्वतः आत रेंगाळू नका. रुग्णालयात "गॅस गीझर होता" हे पहिल्याच वाक्यात सांगा. त्यावरून डॉक्टर कार्बोक्सिहिमोग्लोबिनची तपासणी करतील. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तर शुद्ध प्राणवायूवर साधारण तास-दीड तास. तरतरी आल्यावरही तपासणी टाळू नये, कारण स्मरणशक्तीच्या तक्रारी काही आठवड्यांनी डोके वर काढू शकतात.

त्या घरी पत्रा निघाला, कबुतरांसाठी जाळी बसली आणि गीझर बाहेरच्या मोकळ्या गॅलरीत गेला. कारागिराला पुन्हा बोलवावे लागले ते एवढ्याच कामासाठी.