डबा, गल्ला आणि शुक्रवार

पेढीवरच्या बोलण्यात चित्रपटसृष्टीतील शब्द आता इतके रुळले आहेत की, त्यांचे मूळ सहसा कोणी विचारीत नाही. एखादा व्यवहार रखडला की ‘तो डब्यात गेला’ असे सहज म्हटले जाते. हा डबा नेमका कोणता?

चित्रपट सेल्युलॉइडच्या फितीवर मुद्रित होत, त्या काळी फितीची रिळे पत्र्याच्या गोल, चपट्या डब्यांत ठेवीत. हजार फुटांची फीत पडद्यावर जेमतेम अकरा मिनिटे चाले. त्यामुळे एका चित्रपटाचे बरेच डबे होत. हॉलिवूडमध्ये चित्रण ‘डब्यात आले’ म्हणजे काम फत्ते झाले. आपल्याकडे मात्र तोच डबा अपयशाची खूण ठरला. याचे उत्तर हिशेबात सापडते. निर्माता बहुधा सावकाराच्या आणि वितरकाच्या पैशावर चित्रपट काढी. मूळ निगेटिव्ह प्रयोगशाळेत राही आणि देणी चुकती झाल्याखेरीज चित्रपट बाहेर पडणे कठीण होई. म्हणजे डबा हे एक प्रकारचे तारणच होते. चित्रपट डब्यात राहिला, तरी व्याज थांबत नसे. गोदामात पडून राहिलेल्या मालाची झळ ज्याने सोसली आहे, त्याला हा वाक्प्रचार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सरकारने चित्रपटव्यवसायाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा केली, ती १९९८ साली!

काही शब्दांचा प्रवास उलट दिशेने झाला. ‘गल्ला’ हा मूळचा दुकानातला शब्द, रोकड ठेवण्याच्या पेटीचा. तो तिकीटखिडकीवर गेला आणि ‘गल्लाभरू चित्रपट’ हे विशेषण जन्माला आले. दुकानात गल्ला भरणे हे यशाचे लक्षण. समीक्षेत मात्र त्याच शब्दाला टोमण्याची धार आली.

सणासुदीच्या जाहिरातींत ‘ब्लॉकबस्टर सेल’ झळकतो. दुसऱ्या महायुद्धात इमारतींची अख्खी रांग जमीनदोस्त करू शकणाऱ्या प्रचंड बॉम्बला हे नाव मिळाले होते; तेथून ते चित्रपटांच्या जाहिरातींत आले. दुकानावर असा फलक लावताना त्यामागचा हा विध्वंस माहीत असलेला बरा.

राहिला ‘फ्लॉप’. शुक्रवारी चित्रपट लागतो आणि सोमवारपर्यंत त्याचा निकाल लावला जातो. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी, शुक्रवारीच, प्रदर्शित झाला. पहिल्या दिवसांत व्यवसायातील जाणकारांनी तो पडल्याचे ठरवून टाकले होते. त्यानंतर मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. जाणकारांचा अंदाज चुकला, प्रेक्षकांचा नाही.

घरातला मुलगा किंवा सून नवा व्यवसाय मांडते, पहिल्या दिवाळीचा ताळेबंद तोट्याचा निघतो आणि जेवणाच्या पंगतीत कोणीतरी ‘फ्लॉप’ म्हणून मोकळे होते. शब्द हलका वाटतो. ऐकणाऱ्याच्या मनात तो वर्षानुवर्षे राहतो. चित्रपटाचा शुक्रवार ठरलेला असतो. दुकानाला असा एकच शुक्रवार नसतो. पहिल्या वर्षाचा तोटा खात्यावर जरूर मांडावा, तो माणसाच्या नावावर मात्र मांडू नये.