वॉट विकू नका, जोडी विका



कार ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं ठरवलं की सीट कव्हर आणि मॅटच्या जोडीला सबवूफर-ॲम्प्लिफायरही ठेवावेत, असं बऱ्याच जणांच्या डोक्यात येतं. ठेवा, जरूर ठेवा. पण माझं मत आधीच सांगून टाकतो. खोक्यावरचा वॉटचा आकडा दाखवूनच माल विकणार असाल, तर या लाइनमध्ये पडू नका. तो आकडा ऑनलाइनवाला तुमच्यापेक्षा स्वस्तात विकतोय आणि विकत राहणार. कुरिअरने येत नाही अशी एकच गोष्ट तुमच्याकडे आहे: त्या गाडीला शोभणारी सब आणि ॲम्पची जोडी, आणि तिचं नीट फिटिंग. पैसे तिथे कमवा.

आधी आकडा वाचायला शिका

खोक्यावर मोठ्या अक्षरात '२००० वॉट' छापलेलं असतं. तो बहुतेक वेळा मॅक्स, म्हणजे पीक आकडा असतो. कामाचा आकडा आरएमएसचा. ॲम्प सतत किती ताकद देईल आणि सब सतत किती सोसेल, ते त्यावरून कळतं. तो मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असतो. काही ॲम्पवर सीटीए-२००६ (आधीचं नाव सीईए-२००६) असं लिहिलेलं दिसेल. म्हणजे १४.४ व्होल्टवर, ४ ओहमला, आवाज १ टक्क्यापेक्षा जास्त न फाटता मोजलेली ताकद. असा आकडा दिसला की दोन ॲम्पची तुलना निदान एका फूटपट्टीने करता येते.

मॅन्युअल नाही? मग ॲम्पच्या अंगावरचे फ्यूज बघा. समजा २५ अँपिअरचे दोन आहेत. ५० गुणिले १४.४, म्हणजे ७२० वॉट. साधारण एवढीच वीज तो आत घेणार. क्लास डी ॲम्प असेल तर त्यातले ८० टक्के, म्हणजे ५७५ वॉटच्या आसपास बाहेर येतील. क्लास एबी असेल तर जेमतेम निम्मे. मग २००० कुठून येणार? हा अंदाजच आहे, पण गिऱ्हाइकासमोर कॅल्क्युलेटरवर करून दाखवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि तेवढ्यात तुम्ही विक्रेते न राहता सल्लागार होता.

आणखी एक गोष्ट सांगा. ताकद दुप्पट केली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट ताकद लागते. म्हणजे ४०० आणि ५०० वॉटमधला फरक जेमतेम १ डेसिबलचा. त्यासाठी जास्त मोजायचे पैसे वायरिंगवर खर्च केलेले बरे.

जोडी कशी लावायची

क्रम असा ठेवा: आधी गाडी, मग सब, मग ॲम्प, मग वायर. बरेच जण उलटं करतात. ऑफरमध्ये ॲम्प घेतात आणि मग त्याला सब शोधत बसतात.

गाडी म्हणजे मुख्यतः डिक्की. आपल्याकडे सीएनजी गाड्या भरपूर आहेत. डिक्कीत सिलिंडर असेल तर १२ इंची सबचा बॉक्स कुठे ठेवणार? अशा गाडीला सीटखाली बसणारा ॲक्टिव्ह सब सुचवा. ॲम्प त्याच्या आतच असतो. "काका, गाण्याला खालचा भरणा येईल, पण काचा हादरणार नाहीत," हे विकण्याआधीच सांगा. फॅमिली सेडानला १० इंची सब आणि सीलबंद बॉक्स बहुतेकांना पुरतो. जागा कमी लागते आणि बेस घट्ट येतो. ज्याला दणकाच हवाय त्याला १२ इंची आणि पोर्टवाला बॉक्स. पण त्या बॉक्सचं माप सबच्या कंपनीने दिलेलं असतं, तेच पाळा. पोर्टवाल्या बॉक्समध्ये फार खालच्या स्वरांवर सबच्या कोनवर ताबा राहत नाही, म्हणून ॲम्पला सबसॉनिक फिल्टर आहे का ते बघा.

आता ओहम. नवे दुकानदार इथेच अडकतात. दोन कॉइलवाला सब घेतला आणि प्रत्येक कॉइल ४ ओहमची असेल, तर समांतर जोडल्यावर २ ओहम होतात आणि एकामागे एक जोडल्यावर ८. समजा तुमचा ॲम्प ४ ओहमला ३०० वॉट आणि २ ओहमला ५०० वॉट आरएमएस देतो. सब ५०० वॉट आरएमएसचा आहे. समांतर जोडा, जोडी जमली. पण तोच सब २ ओहमच्या दोन कॉइलचा आला तर? समांतर जोडल्यावर १ ओहम होतो. ॲम्प तेवढा सोसणारा नसेल तर प्रोटेक्शनमध्ये जाईल किंवा जळेल. एकामागे एक जोडल्यावर ४ ओहम, म्हणजे ३०० वॉटच मिळणार. म्हणून डिस्ट्रिब्युटरला ऑर्डर देताना फक्त इंच सांगू नका, कॉइलचे ओहमही सांगा.

भांडवलाचा मुद्दाही यातच येतो. सुरुवातीला दहा ब्रँडची दहा खोकी शेल्फवर लावू नका. एकमेकांशी जुळणारे दोन सब, दोन ॲम्प आणि सीटखालचा एक ॲक्टिव्ह सब, एवढ्यावर दुकान सुरू होतं. न जुळणारा माल म्हणजे शेल्फवर अडकलेला पैसा.

आणि गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही, हे फिटरला पहिल्या दिवशी शिकवा. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी ॲम्प जुळवायला तो असतो. छोट्या ॲम्पचा गेन पूर्ण फिरवून मोठा सब वाजवायला गेलात तर सिग्नल कापला जातो, कॉइल तापते आणि सब जळतो. लो-पास ८० हर्ट्झच्या आसपास ठेवून सुरुवात करा, मग कानाने लावा.

वायर दिसत नाही, म्हणूनच ती महत्त्वाची

क्लास डीचा ५०० वॉट आरएमएसचा ॲम्प पूर्ण ताकदीने चालतो तेव्हा जवळपास ६२५ वॉट खेचतो. १३.८ व्होल्टने भागा, ४५ अँपिअर झाले. हे बारीक वायरमधून पळवलं तर वायर तापणारच. बाजारातल्या स्वस्त किटमध्ये बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर असते. ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहतं. ती वापरायचीच असेल तर जाड घ्या, आणि गिऱ्हाइकाला तांब्याची म्हणून विकू नका.

मेन फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो ॲम्पसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर कुठे घासून बॉडीला टेकली तर गाडी पेटण्यापासून तोच वाचवतो. इंजिनकडून आत येताना पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट लावा. अर्थिंगची वायर आखूड ठेवा आणि रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट बसवा. कंपनीचा स्टिरिओ असेल तर मूळ वायर कापू नका. कपलर वापरा, नाहीतर गाडीच्या वॉरंटीचं भांडण तुमच्या दारात येईल.

आणि अंथरूण पाहून पाय पसरा. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. तिच्यावर दीड हजार वॉटचं स्वप्न दाखवणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

"पण गिऱ्हाईक शेजारी जाईल ना?"

काही जातील. जाऊ द्या. समजा २० हजारांच्या कामात सगळं धरून तुमच्याकडे साडेतीन हजार उरतात. न जुळणारी जोडी बसवली आणि सहा हजारांचा सब जळाला. जळालेल्या कॉइलला कंपनी बहुतेकदा वॉरंटी देत नाही. तो तुम्ही भरून दिलात तर त्या कामाचा नफा गेलाच, वर अडीच हजार खिशातून गेले. शिवाय गाडी अर्धा दिवस दुकानासमोर उभी आणि मालक चारचौघांत ओरडतोय.

म्हणून बिलाची रचना बदला. २० हजारांत सब ६ हजार, ॲम्प ७ हजार, बॉक्स अडीच हजार, वायरिंग किट अडीच हजार, फिटिंग आणि ट्यूनिंग २ हजार. फिटिंग 'फ्री' लिहू नका. जे काम फुकट दाखवाल, ते गिऱ्हाईक फुकटच समजणार. उलट फ्यूजचा, अर्थिंगचा फोटो काढून त्याला व्हॉट्सॲपवर पाठवा. शेजाऱ्याने कुठे पैसे वाचवले ते त्याला तेव्हा कळतं.

काही वेळा 'नाही' म्हणायलाही शिका. रात्री सोसायटीत डिक्की उघडून वाजवायला सिस्टीम हवीय असं कुणी म्हणालं, तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांची आठवण द्या. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ज्याला गाडीत गाणं ऐकायचंय तो तुमचा गिऱ्हाईक.

आता गृहपाठ. काउंटरवर एक कागद चिकटवा आणि कुठलंही खोकं उघडण्याआधी हे पाच प्रश्न विचारा:

१. गाडी कोणती आणि डिक्कीत किती जागा आहे?
२. स्टिरिओ कंपनीचा आहे की बाहेरचा?
३. गाणी कुठली ऐकता?
४. निवडलेल्या सबचा आरएमएस किती, कॉइल किती ओहमची?
५. त्याच ओहमवर ॲम्पचा आरएमएस किती?

पहिले तीन प्रश्न गिऱ्हाइकाला, शेवटचे दोन स्वतःला. पाचही उत्तरं जुळेपर्यंत बिल बनवू नका.