थ्रीडीत सगळं छान, पण वाढीव कामाचं काय?

घराचं रिनोव्हेशन म्हटलं की आपण आधी मॉड्युलर किचनचे फोटो सेव्ह करतो. प्रत्यक्षात काम काढलं की घरात दोनच विषय असतात, पैसे किती आणि संपणार कधी? हा गोंधळ आवरणारी डिजिटल प्रॉडक्ट्स आता मोठा बिझनेस झालाय.

कॅलिफोर्नियातल्या आदी टाटार्को आणि अलोन कोहेन या जोडप्याने स्वत:च्या घराचं काम काढलं आणि त्या वैतागातून २००९ मध्ये ‘हाऊझ’ सुरू केलं. सुरुवात फोटोंपासून झाली. पुढे कंत्राटदारांचं एस्टिमेट, वेळापत्रक आणि बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअरही आलं. आपल्याकडे २०१४ मध्ये सुरू झालेली ‘लिव्हस्पेस’ फेब्रुवारी २०२२ मध्ये १८ कोटी डॉलर उभारून युनिकॉर्न झाली.

म्हणजे प्रॉब्लेम सुटला का? तर नाही. थ्रीडी डिझाइन दाखवणं त्यातल्या त्यात सोपं, खरी मेख कामाच्या क्रमात आहे. आधी भिंत फोडून पाइप आणि वायरिंग, मग प्लास्टर. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी साठवून गळती तपासायची, मगच टाइल्स. रंगाचा शेवटचा हात सगळ्यात शेवटी. प्लंबरने दोन दिवस दांडी मारली की टाइल्सवाला दुसऱ्या साइटवर जातो आणि दोन दिवसांचा उशीर दोन आठवड्यांवर जातो. त्यात अनेक सोसायट्यांमध्ये दुपारी ठोकाठोक बंद! एक तारीख सरकली की पुढच्या सगळ्या सरकवून सगळ्यांना कळवणारं ॲपच इथे कामाचं.

दुसरा मुद्दा वाढीव कामाचा. ‘भाऊ, इथे अजून एक पॉइंट टाका’ हे म्हणायला दोन सेकंद लागतात, भांडण मात्र बिल आल्यावर होतं. मालकाला वाटतं लुटलं, मिस्त्रीला वाटतं मजुरी बुडवली. बऱ्याचदा खोटं कुणीच बोलत नसतं, फक्त ठरलेलं कुठे लिहिलेलं नसतं. परदेशी सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘चेंज ऑर्डर’ असते. बदल काय, खर्च किती, दिवस किती हे आधी लिहायचं आणि दोघांनी ओके केल्यावरच कामाला हात लावायचा.

पण हे टाइप कोण करणार? मिस्त्रीकडे स्मार्टफोन आहे, इंग्रजी फॉर्म भरायला वेळ नाही. त्याचा कारभार व्हॉइस नोट आणि फोटोवर चालतो. म्हणून डिझाइनची सुरुवात त्याच्यापासून व्हायला हवी. शिवाय ॲपवर स्टार देतो तो ग्राहक. ठरलेला टप्पा पूर्ण होऊनही पैसे अडकवणाऱ्या ग्राहकाची नोंद कुठे होते? गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना कायद्यात जागा देणारी सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालीय. पण कंत्राटदारामार्फत रोजावर येणाऱ्या मिस्त्रीचा बहुतेक ॲपमध्ये पत्ताच नसतो.

तेव्हा यूएक्सचा प्रोजेक्ट करणार असाल, तर स्क्रीन रंगवण्याआधी चालू साइटवर एक दिवस घालवा. भिंत बुजवण्याआधी पाइपचा फोटो काढून ठेवणं हे साधं फीचरसुद्धा तिथेच सुचेल. पाच वर्षांनी त्याच भिंतीत खिळा ठोकणारा तुम्हाला दुवा देईल.