वहिवाट कोणती आणि कोणाची

महाडच्या चवदार तळ्याचे नाव निघाले की 20 मार्च 1927 हा दिवस आठवतो, आणि तो आठवावाच. परंतु त्या दिवसाच्या पाठोपाठ जो दिवाणी दावा उभा राहिला आणि सुमारे दहा वर्षे या न्यायालयातून त्या न्यायालयात फिरत राहिला, त्याची चौकशी वकिलांच्या वर्तुळाबाहेर फारशी कोणी करीत नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, दुसऱ्या परिषदेच्या तोंडावर, काही सवर्ण गृहस्थांनी डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध महाडच्या न्यायालयात फिर्याद गुदरली, की हे तळे स्पृश्यांच्या खाजगी मालकीच्या स्वरूपाचे असून त्याच्या पाण्याचा उपभोग अनादि वहिवाटीने केवळ त्यांच्याकडेच चालत आलेला आहे. तात्पुरता मनाई हुकूम निघाला, आणि परिषदेने त्याचा मान राखून तळ्यावर जाणे तहकूब केले. वस्तुतः तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्येच केलेला होता. अखेर 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने वादींचे अपील फेटाळले: तळे नगरपालिकेचे ठरलेच होते, आणि ज्या अनादि रूढीवर वादींची सारी भिस्त होती ती रूढी त्यांस सिद्ध करता आली नाही.

जमिनीच्या मालकीचा विचार करणाऱ्याने या दाव्यापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. तळ्याकाठी ज्यांची घरे होती, त्यांच्यापैकी अनेकांच्या मालकीच्या पायऱ्या आणि काठाच्या पट्ट्याही होत्या. ते पिढ्यानपिढ्या तेथे पाणी भरीत होते हे कोणी नाकारले नव्हते. परंतु स्वतः पाणी भरणे ही एक वहिवाट आणि दुसऱ्यास भरू न देणे ही दुसरी. पहिली कितीही जुनी असली तरी तिच्या पोटातून दुसरी आपोआप जन्मास येत नाही. शिवाय ज्याने भयापोटी तळ्याकडे पाऊलच टाकले नाही, त्याच्या मौनास संमती समजणे हा न्याय नव्हे. कब्जा किती वर्षांचा, हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. तो कोणत्या प्रकारचा, हा त्याआधीचा प्रश्न बहुधा राहूनच जातो.

त्याच 1937 साली, सप्टेंबरात, डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडले, आणि तेथे हाच प्रश्न उलट्या अंगाने पुढे आला. खोत हा मुळात सरकार आणि रयत यांच्यामधला वसुलीचा दुवा; परंतु सनदा, कबुलायती आणि जमाबंदीची दफ्तरे त्याच्या हाती, आणि डोंगरउतारावर दगडावर दगड रचून ज्याने भाताचे खाचर उभे केले त्या कुळाच्या हाती कुदळ. कुलाबा जिल्ह्यात, अलिबाग तालुक्यातील चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली 1933 पासून काही वर्षे जमिनी ओस ठेवल्या, त्यामागे हेच दुःख होते. पुढे 1948 चा कुळकायदा आला, 1949 चा खोती नष्ट करणारा कायदा आला, आणि 1 एप्रिल 1957 या कृषकदिनी कसणारे कूळ कायद्याने खरेदीदार मानले गेले. ज्याचे नाव कुळाच्या रकान्यात लागलेले होते तो तरला. ज्याचे लागले नव्हते त्याने मामलेदार कचेरीचे उंबरे झिजविले.

आपल्या स्मृतिकारांना हा पेच ठाऊक होता. याज्ञवल्क्याच्या मते मूळ हक्काचे साधन, म्हणजे आगम, हे भोगापेक्षा श्रेष्ठ, मात्र भोग पूर्वजांपासून क्रमाने आलेला असल्यास गोष्ट वेगळी. आणि जेथे तिळभरही भोग नाही तेथे नुसत्या आगमासही बळ नाही. मालकाच्या डोळ्यांदेखत, त्याने तोंड न उघडता, परक्याने वीस वर्षे भोगलेली भूमी मालकाच्या हातून जाते, असेही तो सांगतो. परंतु गहाण, ठेव, सीमा, बालकाचे धन यांस हा नियम त्याने लावलेला नाही. विश्वासाने सोपविलेली वस्तू वर्षे मोजून गिळता येऊ नये, एवढा विवेक त्यात आहे.

आजचा कायदा यापासून फार दूर नाही. शंभर रुपये वा अधिक किमतीची स्थावर मिळकत विकावयाची तर नोंदणीकृत दस्त हवा. आणि 1963 च्या मुदतीच्या कायद्यान्वये, मालकाच्या हक्कास उघडपणे नाकारून बारा वर्षे अखंड कब्जा केल्यास मालकाचा हक्कच लयास जातो, सरकारी जमिनीस ही मुदत तीस वर्षांची. अशा कब्जेदारास केवळ बचावाकरिता नव्हे, तर वादी होऊनही हा हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरविले. सातबारा मात्र, लोकसमजूत काहीही असो, मालकीचा दस्तऐवज नाही. तो सारा कोणाकडून घ्यावयाचा याची नोंद आहे, आणि विरुद्ध पुरावा येईपर्यंतच ती खरी धरावयाची असते.

आता महाड-पोलादपूरच्या वाड्यांकडे पाहा. दोन पिढ्यांपूर्वी एक भाऊ गिरणीच्या नोकरीसाठी परळ-लालबागला गेला, दुसरा गावी राहिला. सातबाऱ्यावर अद्याप आजोबांचे नाव, किंवा पंचवीस वारसांची लांबलचक माळ. गावी राहिलेला राब भाजतो, पावसाने फुटलेला बांध दरसाल घालतो, हद्दीची तक्रार आली तर भांडतो. चाळीस वर्षे त्याने हे केले तरी कायद्याच्या दृष्टीने तो सहहिस्सेदार, म्हणजे त्याचा कब्जा हा साऱ्यांचाच कब्जा. आणि चुलत्याच्या शब्दावर तो शेत राखीत असेल तर तो परवानगीचा कब्जा, ज्याची मुदत कधीच भरत नाही. शत्रू म्हणून घुसलेल्यास बारा वर्षांत फळ, आणि आप्त म्हणून राखणाऱ्यास काहीही नाही, अशी ही स्थिती आहे! एके दिवशी मुंबईत बसून काही हिस्से विकले जातात, कुलमुखत्यारपत्रावर सह्या होतात, दुय्यम निबंधक दस्त नोंदवितो, फेरफाराची नोटीस चावडीच्या दारावर लागते, जी वाचावयास वाडीत म्हातारी माणसेच उरलेली असतात. खरेदीदारास अविभक्त हिश्श्याच्या दस्ताने वस्तुतः वाटप मागण्याचाच अधिकार मिळतो. परंतु वाटपाआधी जेसीबी येतो.

राखणाऱ्यास मालक करा असे मी म्हणत नाही. तसे केले तर मुंबईकर उद्यापासून आपल्या शेतात कोणास पाय ठेवू देणार नाहीत. आजही अनेक घरांत कसणाऱ्या भावास साधा कागद लिहून दिला जात नाही तो याच धास्तीने. परंतु हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 मध्ये जवळच्या वारसास हिस्सा आधी घेण्याचा हक्क आहे, आणि तो शेतजमिनीसही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितले आहे. तो हक्क प्रत्यक्ष कसणाऱ्या कोणत्याही सहहिस्सेदारापर्यंत वाढवावा, आणि त्यास लेखी सूचना दिल्याचा पुरावा जोडल्याशिवाय अविभक्त हिश्श्याचा दस्त नोंदवू नये. फेरफार मंजूर करण्यापूर्वी अधिकाऱ्याने जागेवर जाऊन कब्जा कोणाचा याचा पंचनामा करावा, हे तर साध्या शहाणपणाचे आहे.

भुईची साक्ष घेणे कायद्यास अशक्य नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावेदारास कागदाबरोबरच घर, बांध, थडगी अशा खुणा आणि वृद्धांचे जबाब पुरावा म्हणून देता येतात. रानातल्या शेतास जे चालते ते भातखाचरास का चालू नये? आणि ही साक्ष वेळीच लिहून घेतली पाहिजे, कारण भुईही चिरंतन नाही: 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसे गेली, आणि अशा जागी हद्दीचे दगड कोठे होते हे सांगणाराही उरत नाही.

वाटपासाठी जमीन महसूल संहितेचे कलम 85 आहेच. अडचण असते ती सर्व सहहिस्सेदार एका जागी येण्याची. ते वर्षातून दोनदा येतात, गणपतीला आणि शिमग्याला. नेमक्या त्या दिवसांत महसुलाची कचेरी सुटीवर असते. त्याच आठवड्यात तहसीलदारांनी एकेका मौजात बसावे, वारसनोंदी घ्याव्या आणि वाटपाचे अर्ज तेथल्या तेथे लिहून घ्यावे. सुट्या पुढे केव्हाही घेता येतील.