दहा मिनिटांची पावती कुणाच्या नावे?

फटफटीवरच्या पोराला शिव्या घालणं हे या शहरातलं सगळ्यात स्वस्त काम आहे. सिग्नल तोडतो, फुटपाथवर चढतो, उलट्या बाजूनं घुसतो. मोटारीची काच खाली न करता साहेब पुटपुटतात, यांना शिस्तच नाही! शिस्त हा शब्द आपल्याला नवा नाही दोस्तांनो. गावात पाटलानं शिकवली, शाळेत मास्तरनं, आता नाक्यावर हवालदार शिकवतो. आणि तोच साहेब घरी पोचला की मोबाइलवर अंगठा दाबतो, आणि कोथिंबीर दहा मिनिटांत आली नाही म्हणून त्याच पोराला एक तारा देतो. कोथिंबीर! कोथिंबिरीसाठी माणूस मेला पाहिजे?

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. वेग माणूस मारतो. सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ साली या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली शंभरातली चव्वेचाळीस दुचाकीवरची. म्हणजे बहुतेक आपलीच. तेव्हा हेल्मेट नको, मर्यादा नको, असली मर्दानगीची भाषा आपली नव्हे. ती बापाच्या पैशावर बुलेटचा सायलेन्सर वाजवत हिंडणाऱ्यांना लखलाभ. आपला सवाल वेगळा आहे. ॲक्सिलेटर पिळणारा हात पोराचा, कबूल. पण मिनिटं मोजणारं घड्याळ कुणाचं?

त्या घड्याळाकडे कुणीच बघत नाही. बघतात ते पोराकडे. पुलाच्या उतारावर, झाडाच्या आड, जिथं गाडी आपोआप पळते नेमका तिथंच हवालदार उभा. हात आडवा. पहिलं काम चावी काढायची. लायसन मागण्याचा अधिकार कायदा त्याला देतो. चावी हिसकण्याचा अधिकार कायद्यात कुठं लिहिलाय ते कुणी दाखवावं. मग लायसन उलटंपालटं होतं. फोटो बघायला नाही, आडनाव वाचायला. मग, कुठं राहतोस रे? वस्तीचं नाव सांगितलं की 'रे'चा 'तुझ्यायला' होतो. पुढून दादा दिसेल अशी नंबरप्लेट रंगवलेली गाडी सुळकन निघून जाते. तिला हात आडवा होत नाही. हवालदारालाही पोटापाण्याचं कळतं.

पण हवालदारावरच सगळा राग काढून मोकळं व्हायचं, हा सापळा आहे. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळींत पोलिसाची खोली आणि आपली खोली एकाच व्हरांड्यात होत्या. तोही दिवसभर धूर खातो, त्यालाही वरून आकडा विचारतात. तो पन्नासाची नोट खातो, त्याला माफी नाही. पण पन्नासाची नोट खाणाऱ्यावर नजर ठेवून करोडो खाणारा सुटतो, हे आपण किती दिवस चालू द्यायचं?

काही शिकलेले मित्र म्हणतात, आता कॅमेरा आला, कॅमेऱ्याला जात नसते. अर्धं खरं आहे. कॅमेरा आई-बहिणीवर जात नाही, चहापाणी मागत नाही. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली १६७-अ हा नियम घातला. तो सांगतो की कॅमेरा असलेल्या पट्ट्याआधी ठळक बोर्ड पाहिजे, आणि गुन्ह्याची नोटीस पंधरा दिवसांच्या आत पाहिजे. बोर्ड कुठं आहे? खड्ड्यात पडला असेल. नोटीस कुठं जाते? गाडी ज्याच्या नावावर, त्याच्या जुन्या मोबाइल नंबरावर. भाड्याच्या गाडीवर राबणाऱ्या पोराला सहा महिन्यांनी कळतं की आपल्या डोक्यावर चलानांचा ढीग झालाय. मालक हिशेबात कापून घेतो. बिनहेल्मेटचे पाचशे, वेगाचे हजार. साहेबाच्या एका संध्याकाळच्या बिलाची टिप. पोराचा पेट्रोल वजा जाता एक-दोन दिवसांचा घाम. समान कायदा म्हणतात तो हा!

२०१९ साली कायदा कडक केला म्हणून ढोल वाजवले. त्याच दुरुस्तीत १९८-अ हे कलम आहे. रस्ता ठरलेल्या दर्जाचा नसला आणि त्यापायी माणूस मेला किंवा लुळा झाला, तर ठेकेदाराला, अधिकाऱ्याला एक लाखापर्यंत दंड. २१०-ब आहे: कायदा राबवणाऱ्यानंच तो मोडला तर दंड दुप्पट. किती ठेकेदारांची पावती फाडलेली तुम्ही बघितली? बिनहेल्मेटचा हवालदार मात्र आपण सगळ्यांनी बघितलाय.

आता खरी गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८३. आपल्या पोराची वेगाची पावती याच कलमाखाली फाटते. पण या कलमाच्या पहिल्याच पोटकलमात मर्यादा मोडून गाडी चालवणारा जसा गुन्हेगार, तसाच नोकराला किंवा आपल्या ताब्यातल्या माणसाला तशी चालवायला लावणाराही गुन्हेगार. आणि पोटकलम ४ तर वाचून उडालो. त्याचा मतलब असा: अमुक प्रवास अमुक वेळात पुरा कर असा हुकूम दिला, किंवा तसं वेळापत्रक छापलं, आणि वेगमर्यादा न मोडता त्या वेळात तो प्रवास होणं शक्य नाही असं कोर्टाचं मत पडलं, तर हुकूम देणाऱ्यानंच गुन्हा केला याचा तो सकृद्दर्शनी पुरावा. च्यायला, हे १९८८ पासून छापील पडून आहे! २०२१-२२ साली दहा मिनिटांत घरपोचच्या जाहिरातींनी भिंती रंगल्या. म्हणजे आरोपीनं आपला गुन्हा स्वतःच्या खर्चानं होर्डिंगवर लावला. त्याला चलान गेलं?

कंपनीचा वकील काय म्हणणार तेही ठाऊक आहे. पोरगा आमचा नोकर नाही, 'पार्टनर' आहे. अरे वा! नफ्यात पार्टनर नाही, अपघातात पार्टनर नाही, चलानात मात्र पुरा मालक! कायद्यानं नुसतं नोकर म्हटलेलं नाही, ताब्यातला माणूसही म्हटलंय. सकाळी आयडी ब्लॉक झाला की संध्याकाळी चूल बंद. याला ताबा म्हणत नाहीत तर काय म्हणतात? दुसरं म्हणतील, गोदाम जवळ आहे, उशिराचा दंड आम्ही घेतच नाही. नसाल घेत. पण इन्सेंटिव्हची पायरी हुकते, रेटिंग घसरतं, पुढची ऑर्डर दुसऱ्याच्या फोनवर वाजते. जाहिरातीतून दहा मिनिटं पुसलीत म्हणून स्क्रीनवरचं घड्याळ थांबतं काय?

आणि रस्ते? वांद्रे-वरळी सागरी सेतूवर दुचाकीला बंदी. कोस्टल रोडवर बंदी. अटल सेतूवर बंदी. पैसा सार्वजनिक, रस्ता खाजगी वाटावा असा. सुरक्षेसाठी म्हणतात, समुद्रावर वारा असतो हे खरंही आहे. पण इतके कोटी ओतताना दुचाकीसाठी एक सुरक्षित पट्टी आखायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण आखणाऱ्यांच्या घरी दुचाकी नाही. मोटार समुद्रावरून निघून जाते; कुरिअरचं पोरगं माहीम ते वरळी प्रत्येक सिग्नलला थांबतं, आणि एखादा तोडतं.

लोकअदालत लागली की चलानं सवलतीत मिटवायला आपल्या पोरांची रांग लागते. मिटवा. खिशाची गोष्ट आहे, तिथं आम्ही तत्त्वज्ञान सांगणार नाही. पण मिटवण्याआधी एक करा. ऑर्डर कधी पडली, अंतर किती, मिनिटं किती दिली, याचा स्क्रीनशॉट ठेवा. शेजारी त्याच फेरीचं चलान ठेवा. एकट्याचं कुणी ऐकणार नाही. दोनशे पोरांचं गाठोडं घेऊन कलम १८३, पोटकलम ४ दाखवत कोर्टात उभं राहिलं तर निदान कागद फेकून देता येणार नाही. वकिलाची काळजी नको. आपल्याच वस्त्यांतली एलएलबी झालेली पोरं कोर्टाच्या आवारात काळे कोट घालून पक्षकाराची वाट बघत बसलीत. त्यांना गाठा. आणि स्क्रीनशॉट गाडी बाजूला लावून काढा रे. हातात फोन दिसला की आणखी एक चलान.