लखोटा कोणी फोडला?

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी मुंबईच्या गिरणीतून मुलाचे पत्र आले, की बाई ते पदराच्या गाठीला बांधून कुलकर्ण्याच्या ओसरीखाली जाऊन उभी राही. तो वाचून दाखवील तेवढेच पत्र. तो गाळील ते मुलाने लिहिलेच नाही असे समजायचे. मुलगा दिवाळीला चार पैसे घेऊन येणार, ही बातमी तिच्या चुलीपर्यंत पोचण्याआधी सावकाराच्या ओट्यावर पोचलेली असे. आपले पत्र दुसऱ्याच्या हातून घेण्यातली लाचारी ज्या घरांनी सोसली, त्यांना आजची हकिगत समजायला जड जाणार नाही. हकिगत आहे ऑस्ट्रेलियाची.

इंग्रजांनी 1788 साली सिडनीला वसाहत घातली ती कैद्यांसाठी. आपले काळे पाणी अंदमानात, विलायतेतल्या गोरगरिबांचे काळे पाणी तिकडे. तिथले पहिले वर्तमानपत्र 'सिडनी गॅझेट' 1803 साली निघाले. ते छापणारा जॉर्ज हौ हा दुकानातल्या चोरीपायी शिक्षा होऊन आलेला माणूस. मजकूर आधी सरकारी अंमलदाराने पाहायचा, मग छापायचा. खिळे जुळवणारे हात कैद्याचे आणि शब्द गव्हर्नराचे, अशी ती वाटणी वीस वर्षे बिनबोभाट चालली.

ती मोडली कोणी? सिडनीत 1824 साली वेंटवर्थ आणि वॉर्डेल या दोन वकिलांनी परवाना न मागता आपले पत्र काढले, आणि मोठेपणा बहुतेक त्यांच्याच वाट्याला आला. पण दक्षिणेकडे टास्मानिया बेटावर, होबार्ट गावी, अँड्र्यू बेंट नावाचा छापखानेवाला होता. घरफोडीबद्दल फाशी ठरलेला, मग ती रद्द होऊन जन्मठेपेवर 1812 साली तिकडे आलेला. 'होबार्ट टाउन गॅझेट' हे आपले पत्र आहे, सरकारची मिरासदारी नव्हे, असे हा जुना कैदी गव्हर्नर आर्थरच्या तोंडावर म्हणाला. गव्हर्नरसाहेबांनी काय करावे? 1825 साली त्यांनी त्याच नावाचे आणि त्याच्याच अनुक्रमांकापासून पुढे चालणारे दुसरे पत्र स्वतः काढले! घरफोड्या कोण आणि साव कोण, ते वाचकांनीच ठरवावे. बेंटने पत्राचे नाव बदलले. तेव्हा त्याच्यावर बेअब्रूचा खटला झाला, दंड झाला, तुरुंग झाला. 1827 साली परवान्याचा कायदा आला आणि बेंटला परवाना नाकारण्यात आला. बातम्या छापता येईनात म्हणून गडी काही काळ नुसत्या जाहिरातींचा कागद काढीत राहिला. शेवटी तो कायदा लंडनहूनच रद्द झाला; पण तोवर बेंटचे व्हायचे ते नुकसान होऊन चुकले होते.

सिडनीतही त्याच सुमारास तसेच घडले. 1826 साली पलटणीच्या जाचातून सुटण्यासाठी दोन शिपायांनी मुद्दाम कापड चोरले. गव्हर्नर डार्लिंगने त्यांच्या गळ्यात लोखंडी कडी आणि पायांत बेड्या घालून त्यांना पलटणीपुढे उभे केले. त्यातला सड्स हा आजारी शिपाई थोड्याच दिवसांत मेला. पत्रांनी याचा जाब विचारला, तेव्हा गव्हर्नराला परवान्याचा कायदा सुचला. मुख्य न्यायाधीश फोर्ब्स यांनी त्यावर सही करण्याचे साफ नाकारले. 'मॉनिटर'चा संपादक हॉल मात्र 1829 साली तुरुंगात गेला, आणि तुरुंगात बसूनच पत्र लिहीत राहिला.

ही झाली गोऱ्यांची गोष्ट. ज्यांचा तो मुलुख होता, त्यांचे काय?

टास्मानियातले उरलेसुरले मूळ रहिवासी फ्लिंडर्स बेटावर नेऊन ठेवले होते. तिथे 1836 आणि 1837 साली त्यांच्यातल्या थॉमस ब्रून, वॉल्टर आर्थर अशा पोरसवदा मुलांनी हाताने लिहून एक पत्रक चालवले. त्यावर देखरेख बेटाच्या कमांडंटची. म्हणून पानोपानी साहेबांची स्तुती, शुभवर्तमानाचा उपदेश, स्वच्छ राहा, आज्ञेत वागा. पण 1837 च्या नोव्हेंबरात ब्रून लिहून गेला, की आम्ही गरीब माणसे मरत चाललो आहोत आणि काही दिवसांनी आमच्यातले कोणीच उरणार नाही. साहेबांच्या नजरेखालून हे कसे सुटले कोण जाणे. त्या डिसेंबरानंतर पत्रक निघाले नाही. 1846 साली वॉल्टर आर्थर आणि त्याच्या सोबत्यांनी राणी व्हिक्टोरियाला अर्ज केला, की आम्ही कैदी नव्हे, करार करून आपला देश सोडला आहे, आणि हा जाचक अंमलदार आमच्यावर नको. अर्ज लिहिल्याची किंमत म्हणून त्या अंमलदाराने वॉल्टरला कोठडी दाखवली. पण अर्ज पोचला, चौकशी झाली, आणि अंमलदार गेला.

पुढे नव्वद वर्षांनी तेवढेही झाले नाही. विल्यम कूपर या वृद्ध पुढाऱ्याने गावोगाव फिरवून 1,814 सह्या जमवल्या आणि आमचा एक माणूस पार्लमेंटात घ्या असा अर्ज राजाच्या नावे 1937 साली सरकारकडे दिला. मंत्रिमंडळाने तो राजाकडे पाठवायचाच नाही असे ठरवले. लखोटा फोडण्याचीसुद्धा गरज पडली नाही.

मोठ्यांच्या तोंडाला कुलूप लावायला गेले की काय होते, तेही पाहा. पहिल्या महायुद्धात मजुरांच्या संघटना, युद्धाला विरोध करणाऱ्या बाया, आयरिश आणि जर्मन लोक यांची पत्रे सेन्सॉर उघडून वाची. तिकडे फारशी ओरड झाली नाही. पण 1917 च्या नोव्हेंबरात सक्तीच्या लष्करभरतीविरुद्धचे क्वीन्सलंडचे मुख्यमंत्री रायन यांचे भाषण सेन्सॉरने कापले. रायन यांनी कापलेला मजकूर विधिमंडळात वाचून सरकारी अहवालात छापायला लावला. आणि पंतप्रधान ह्यूज जातीने लष्कर घेऊन ब्रिस्बेनच्या सरकारी छापखान्यावर रात्री धाडीला गेले. सगळा देश हादरला, आणि डिसेंबरात मतदारांनी सक्तीची भरती दुसऱ्यांदा फेटाळली. दुसऱ्या महायुद्धात, 1944 च्या एप्रिलात, सिडनीच्या बड्या पत्राने कापलेल्या मजकुराच्या जागा कोऱ्या सोडल्या. कापले हे कळू देण्याचीही बंदी होती, म्हणून पोलिसांनी अंक जप्त केले. पत्रांचे धनी हायकोर्टात गेले आणि महिनाभरात सरकारला तडजोड करावी लागली. चांगले झाले, आम्हांला त्याचा आनंदच आहे.

परंतु त्याच देशात, त्याच वेळी, क्वीन्सलंडच्या पाम बेटावर मूळ रहिवाशांची सरकारी वसाहत होती. 1897 च्या कायद्यापासून या लोकांना परवानगीवाचून कुठे जाता येत नसे, लग्न करता येत नसे, मजुरी सरकारी अंमलदाराच्या हाती जमा होई. आणि पत्र? येणारे-जाणारे पत्र साहेबाने उघडून पाहायचे. पसंत पडले तर पुढे जाईल. युद्ध संपले, वर्तमानपत्रांवरचा सेन्सॉर गेला, पण हा सेन्सॉर पुढे अनेक वर्षे बसूनच होता. 1957 साली पाम बेटावरच्या लोकांनी मजुरी, अन्न आणि घरे यांसाठी संप केला, तेव्हा सात पुढाऱ्यांना बेड्या घालून बेटाबाहेर हाकलण्यात आले. अडकवून ठेवलेल्या मजुरीबद्दल क्वीन्सलंड सरकारने 2019 साली 19 कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. मजुरीचा हिशोब उशिरा का होईना झाला. पत्रांचा कोणी करायचा?

त्या देशात कित्येक पिढ्या मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून सरकारी आश्रमांत आणि गोऱ्या घरांत वाढवली गेली. त्याची चौकशी होऊन 1997 साली अहवाल निघाला. त्यात एकाने सांगितले आहे, की तो अठरा वर्षांचा झाल्यावर अंमलदाराने त्याच्यापुढे कागदांची फाईल सरकवली. आई आपल्याला टाकून गेली असे तो जन्मभर समजत होता. फाईलमध्ये तिने वर्षानुवर्षे पाठवलेली पत्रे, फोटो आणि दर वाढदिवसाची कार्डे होती.