वाइनची चव आणि वाइनचे टक्के

आमच्या भिवंडीतच काय, महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात ‘वाइन शॉप’ अशी पाटी दिसते. आत खपते ती मात्र व्हिस्की, रम आणि बिअर. द्राक्षाची खरी वाइन कोपऱ्यातल्या फळीवर धूळ खात असते. त्यामुळे आमच्या पिढीच्या बायकांना वाइन म्हणजे दारू एवढंच ठाऊक. आता मात्र उलटंच कानावर येतं, ‘अहो, वाइन म्हणजे काही दारू नव्हे!’ २०२२च्या जानेवारीत मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू द्यायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा तर टीव्हीवर हे रोज ऐकलं. अण्णा हजारेंनी राळेगणहून उपोषणाचा इशारा दिला. शेतकऱ्याचं भलं होईल असं एक बाजू म्हणत होती, संसार मोडतील असं दुसरी. त्या गदारोळात वाइन ही नेमकी काय चीज आहे, हे आम्हा बायकांना कोणी सांगितलंच नाही.

मला ते कळलं सप्तशृंगीच्या सहलीत. आमच्या महिला मंडळाची बस वणीहून परतताना नाशिकच्या एका वाइनरीत थांबली. (काहीजणी बसमधून उतरल्याच नाहीत, त्यांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही.) तिथे ‘टेस्टिंग’ नावाचा प्रकार असतो. मोठ्या पोटाच्या ग्लासात जेमतेम दोन घोट वाइन देतात. आधी रंग बघायचा, मग ग्लास गोल फिरवून वास घ्यायचा, मग घोट तोंडात घोळवायचा. आणि मग? शेजारच्या भांड्यात चक्क थुंकायचा! ज्यांचा हा व्यवसायच आहे ते जाणकार दिवसभर वाइन चाखतात, पण गिळत नाहीत. गिळली की जीभ आणि डोकं दोन्ही कामातून जातात. मीही तेच केलं.

एकाच जातीच्या द्राक्षाची वाइन गाव बदललं की बदलते. ‘सॉव्हिन्यॉन ब्लाँ’ नावाचं पांढरं द्राक्ष आहे. फ्रान्समध्ये लुआर नदीच्या काठी, न्यूझीलंडमध्ये आणि आपल्या नाशिकमध्येही ते पिकतं. थंड मुलखात ते सावकाश पिकतं, आंबटपणा टिकून राहतो, वासही गवताचा किंवा ढोबळ्या मिरचीचा येतो. ऊन जास्त लागलं की साखर चढते आणि त्या साखरेचंच पुढे अल्कोहोल होतं. म्हणून फ्रान्समध्ये तोडणी साधारण सप्टेंबरात, तर नाशिकला जानेवारी ते मार्च, हिवाळ्यातल्या गार रात्रींचा फायदा घेऊन. तांबड्या वाइनचा रंग सालीतून उतरतो आणि तुरटपणाही बराचसा तिथूनच. फार उकळलेल्या कोऱ्या चहाने जीभ आवळते ना, अगदी तसं.

आता सांगा, यात आपल्याला नवीन काय? वाड्याचा कोलम म्हणून दुकानदाराने भलताच तांदूळ दिला, तर आमच्या सासूबाई मुठीत घेऊन वासावरून सांगतात. देवगडच्या नावाखाली विकलेला कर्नाटकचा आंबा आपण पहिल्या फोडीला ओळखतो. फक्त आपल्या या ज्ञानाला कोणी टेस्टिंग म्हणत नाही, त्याचे पैसेही देत नाही.

आणि मोठमोठे जाणकारसुद्धा लेबलला फसतात, बरं का. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांना बाटलीवरचं नाव न दाखवता वाइन चाखायला दिली. पांढऱ्यात आणि तांबड्यातही पहिली आली कॅलिफोर्नियाची! २००१ मध्ये फ्रान्समधल्याच बोर्दोच्या संशोधकांनी त्याहून गंमत केली. पांढऱ्या वाइनमध्ये चव नसलेला लाल रंग घातला. वाइनचंच शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचं वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केलं. तेव्हा हॉटेलात कोणी फ्रेंच नावं फेकायला लागलं तर दबून जायचं कारण नाही.

माझं भांडण चवीशी नाहीच. चवीच्या पदराआड जे खपवलं जातं, त्याच्याशी आहे. साधा हिशोब करू. वाइनमध्ये १३ टक्के अल्कोहोल धरलं, तर १५० मिलीच्या एका ग्लासात साडेएकोणीस मिली होतं. व्हिस्कीत ते ४२.८ टक्के असतं. म्हणजे वाइनचा एक ग्लास हा ४५ मिली व्हिस्कीच्या बरोबरीचा. शरीराला काय कळणार की हे द्राक्षातून आलंय की धान्यातून? थोडी वाइन हृदयाला चांगली, असंही सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र २०२३च्या जानेवारीत स्पष्ट म्हटलं, की आरोग्याला सुरक्षित असं मद्याचं कुठलंच प्रमाण नाही. स्तनाच्या कर्करोगाचा धोका मद्याने वाढतो, थोड्याशानेही. हे वाइनरीत कोणी सांगितलं नाही.

यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत बचत गटाच्या कामाला मी जाते. किराणा दुकानात वाइनची चर्चा चालू होती तेव्हा तिथली एकजण म्हणाली, “ताई, आता आमचे हे किराण्याच्या वहीवर बाटली पण लिहितील.” उधारीच्या वहीवाल्या दुकानात ती मिळणार नव्हती, निर्णय हजार चौरस फुटांच्या मोठ्या दुकानांपुरताच होता, हे मी तिला समजावलं. पण पगाराच्या दिवशी डाळ आणि बाटली एकाच पिशवीतून घरी येण्याची तिची धास्ती खोटी कशी म्हणू? तिच्या घरी कोणी घोट घोळवून थुंकणार नाहीये.

पुण्याला नोकरी करणाऱ्या माझ्या भाचीने परवा फोनवर विचारलं, “मावशी, ऑफिसच्या पार्टीत सगळ्या मुली वाइन घेतात. वाइन चालते ना गं?” हो किंवा नाही म्हणून ती ऐकणार आहे थोडीच! तिला एवढंच म्हटलं, “बाटलीवर बारीक अक्षरात टक्के लिहिलेले असतात, ते आधी वाच. नि ग्लास केवढा आहे तेही बघ.”